बत्तीस वावांवरचा सांधा

पोरीचे हात घासायला आईने परसातला खरबरीत दगड उचलला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. एरवी तो दगड टाचा घासायला आणि विळ्याला धार लावायला असायचा.

"आई, पुरे. आग होतेय."

"होऊ दे. परदेशाच्या हापिसात जायचंय. असले काळे हात दाखवणार त्यांना?"

घायपाताच्या पानांचा ओला वाख, म्हणजे दोराचे तंतू, हाताळले की त्यांचा रस बोटांत मुरतो आणि हिरवट काळा डाग पडतो. साबणाने तो जात नाही, राखेनेही जात नाही. या घरात सगळ्यांचेच हात तसे होते, त्यामुळे आजवर कुणाला ते दिसलेच नव्हते. आज मात्र आईला दिसले. तिने एकेक बोट मांडीवर धरून टोकाशी गोल गोल घासलं, पाणी ओतलं, उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा घासलं. दहाही बोटं गुलाबी झाली तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

ओट्यावर बसलेली आत्या म्हणाली, "आता चमच्यासारखी चमकतायत. तोंड बघून घे त्यात."

घरात माणसं चार. बाबा दोर वळायचे. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, चाक फिरवायची. बोलण्यात आणि चाक फिरवण्यात तिला कुणी थांबवू शकत नसे. आई लोखंडी दातांच्या फणीने वाख विंचरायची. आणि मुलगी वळलेला धागा अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत चालत जायची. वाखाची एक बट संपून दुसरी लागते तिथे सांधा येतो. तो सांधा बारीक राहिला की दोर नेमका तिथेच तुटतो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटांनाच कळतो. सहा वर्षांची असल्यापासून ती हे करत होती. म्हणून तिचं नाव चिमटी. शाळेतल्या वहीत दुसरं नाव होतं, पण ते वहीतच राहिलं.

चिमटी शिकायला बरी निघाली. शहरातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला, पहिली आली, आणि परदेशातल्या एका विद्यापीठाने पुढच्या पदवीसाठी तिला जागा दिली. जाण्यायेण्याचं तिकीट, राहणं, फी, सगळं त्यांचंच. विषय होता पाण्यात वनस्पतींचे तंतू कुजतात कसे. बाबा ही गोष्ट भेटेल त्याला सांगायचे.

"दोर पाण्यात का कुजतो हे शिकायला ही समुद्र ओलांडणार! अरे मला विचारा की. पाण्यात ठेवतात म्हणून कुजतो."

असं म्हणायचे आणि स्वतःच मोठ्याने हसायचे. विद्यापीठाचं पत्र मात्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, वाखाच्या माचावर सगळ्यात वर ठेवलं होतं. उंदीर तिथवर पोचत नाहीत.

सगळी कागदपत्रं झाली होती. फक्त शहरातल्या व्हिसाच्या ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे राहिले होते.

मायलेकी नावेतून नदीपलीकडे गेल्या, तिथून बसने शहरात. ऑफिसच्या दारात रखवालदार एक छोटं यंत्र घेऊन बसला होता. ज्यांना आत काम होतं त्यांनी पत्र दाखवायचं, सोबत आलेल्यांनी यंत्रावर अंगठा ठेवायचा. आईने पदराला अंगठा पुसून भीतभीत टेकवला. यंत्र टुणकन वाजलं, हिरवा दिवा लागला.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं, जा आत."

एवढ्या सोप्या परीक्षेत पास झाल्यामुळे आई खूश झाली. आतल्या गार खोलीत ती खुर्चीच्या काठावर बसून राहिली. पूर्ण टेकून बसली तर कुणी उठवेल असं तिला वाटत होतं.

चिमटीचा नंबर लागला. काचेमागच्या बाईंनी चार बोटं एकदम ठेवायला सांगितली. चिमटीने ठेवली. लाल दिवा. बाईंनी काच पुसली, चिमटीला कागदी रुमाल दिला. पुन्हा लाल. उजवा हात, डावा हात, मग एकेक बोट, मग बाई स्वतः उठून आल्या आणि चिमटीची बोटं वरून दाबून बघितली. पडद्यावर बोटांच्या जागी नुसते पांढरे डाग उमटत होते. मागच्या रांगेतल्या एका माणसाने घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असा श्वास सोडला.

"मॅडम, तुम्ही काम काय करता?"

"शिकते."

"त्याशिवाय?"

"घरी दोर वळतो आम्ही."

आईला वाटलं हातांच्या स्वच्छतेवर शंका घेतली जातेय. ती खुर्चीवरून उठून काचेपाशी आली. "बाई, हात साफ आहेत हो तिचे. सकाळीच घासलेत मी. दगडाने."

"दगडाने?"

"हो. काही म्हणून राहिलं नाही बघा."

बाईंनी एकदा आईकडे, एकदा चिमटीच्या बोटांकडे पाहिलं. "तेच झालंय. काहीच राहिलेलं नाही."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी संगणकात शोधून अठरा दिवसांनंतरची वेळ दिली आणि हळू आवाजात नीट समजावलं. वाखाने रेषा झिजल्या होत्या, उरल्यासुरल्या दगडाने गेल्या. पण त्या परत येतात. बोटांना आराम द्यायचा, तेल लावायचं, पाणी, साबण, दोर काही नको. "मात्र ही शेवटची वेळ आहे. तेव्हाही नाही उमटले तर कागद वरच्या ऑफिसला जाणार, आणि तिकडून उत्तर यायला दीड महिना."

दीड महिना चिमटीकडे नव्हता. विद्यापीठाने तारीख दिली होती. त्या तारखेला हजर नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या नंबराला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर तोंड करून बसली. मग म्हणाली, "मीच घासल्या."

"तुला कुठे माहीत होतं, आई."

"मीच घासल्या गं. मांडीवर धरून."

चिमटीला आईचा रागही आला होता आणि तिची दयाही येत होती. दोन्ही एकदम आल्यावर तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपेचं सोंग घेतलं.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. डोकं खाजवलं. "अठरा दिवस हात लावायचा नाही म्हणजे... नावेचा दोर?"

अडचण तीच होती. नदीवर पूल नव्हता. दोन्ही काठांच्या खांबांना चाळीस वाव लांबीचा जाड दोर ताणलेला असायचा. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे चाळीस. नावाडी तो दोर हातांनी ओढत नाव पलीकडे न्यायचा. दर वर्षी दोर कुजायचा, आणि दर वर्षी नदी चढण्याआधी नवा लागायचा. तो याच घरातून जायचा. हा दोर म्हणजे वर्षाचं सगळ्यात मोठं काम, आणि त्यात चिमटीची बोटं सगळ्यात महत्त्वाची, कारण त्या दोराच्या भरवशावर माणसं नावेत बसायची.

"तूच बघ की सांधे," आत्या बाबांना म्हणाली.

बाबांनी आपले पंजे पुढे केले. बोटांवर घट्ट्यांचे थर चढले होते. "यात आता विंचू चावला तरी मला दुसऱ्या दिवशी कळेल."

"मग मी बघते," आई म्हणाली. "माझे हात आहेत."

आईने आजवर फणीच चालवली होती, आणि फणी लाकडी मुठीची असते. सांधा बघणं वेगळं. पण आईने ते असं काही सांगितलं की नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून चिमटीची दहाही बोटं तेलात भिजवलेल्या मऊ चिंध्यांत गुंडाळली गेली. गाठी आई मारायची आणि आईच सोडायची. वेणी आई घालायची, ताट आई वाढायची, भांडी आई घासायची, आणि मग घराच्या मागच्या लांब बोळात जाऊन सांधे बघायची. चिमटी तेवीस वर्षांची बाई, भात चमच्याने खायची आणि सांडायची. पाणी भरायला आलेल्या शेजारणी कुंपणावरून डोकावायच्या.

"काय गं, राणीसाहेब झालीस?"

"परदेशी जायच्या आधीच मडम झाली बघ."

आत्या चाकावरून ओरडायची, "तुमचीही बांधून देऊ का? तोंडं?"

बोळ चांगला शंभर पावलांचा होता, दोन्ही बाजूंना झाडं. एका टोकाला आत्याचं चाक. कमरेला वाखाचा गठ्ठा बांधून बाबा चाकाच्या आकड्याला एक बट अडकवायचे आणि उलटं चालायला लागायचे. चाक फिरे, बोटांतून वाख सुटे, धागा होत जाई. घराकडे तोंड करून ते मागे मागे जात. असे पुष्कळ धागे एकत्र पिळले की एक पदर होतो, आणि तीन पदर एकमेकांवर पिळले की दोर. हे सगळं चिमटी लहानपणापासून बघत होती, पण बसून कधी बघितलं नव्हतं. तिचे पाय आपोआप उठायचे. आई तिथूनच डोळे मोठे करायची.

चौथ्या दिवशी आईच्या बोटांची सालं निघायला लागली. सहाव्या दिवशी अंगठ्याला चीर गेली. आईने त्यावर हळद दाबली आणि पुन्हा धागा धरला. तिला सांधे कळत नव्हते असं नाही, पण तिला भीती वाटायची. भीतीने ती जोरात दाबायची, आणि जोरात दाबलं की काहीच कळत नाही.

रोज सकाळी चिंध्या सुटल्या की घरातल्या सगळ्यांनी चिमटीची बोटं उजेडात बघायची असा नेम पडला. आठ दिवस नुसती सपाट, चकचकीत कातडी. नवव्या दिवशी आत्याने डाव्या करंगळीला नाक लावलं.

"आली! एक आली! बारीक आहे, पण आहे!"

बाबांनी पाहिलं, त्यांना दिसली नाही, तरी ते म्हणाले, "दोन आहेत."

आई बघायला पुढे आलीच नाही. चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिच्या खांद्यांवरून चिमटीला कळलं की ती रडतेय.

हात लावायचा नाही असं ठरलं होतं. गालाचं कुणी काही बोललं नव्हतं. बाराव्या दिवशी तिन्ही पदर तयार होऊन बोळातल्या खुंट्यांवर ताणून ठेवले होते. दुपारी सगळे जेवायला गेले असताना चिमटी हात पाठीमागे बांधून पदराजवळ गेली, मान वाकडी केली, गाल टेकवला आणि चालायला लागली. गालाला वाख बोचत होता, पण कळत होतं. जवळजवळ बोटांइतकंच कळत होतं. पहिला पदर चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्यावर ती पावलांनी वाव मोजत निघाली, बत्तीस वावांपर्यंत आली आणि थांबली. मागे गेली, पुन्हा आली. ओठ लावून बघितला. आतला एक सांधा पोकळ होता. आणि एक नव्हे, लागोपाठच्या दोन धाग्यांचे सांधे एकाच जागी आले होते. हे आईने पाहायचं होतं.

"दोराचे मुके घेतेस काय?" आत्या मागून आली होती.

"गाल खाजत होता."

आत्याने तिच्या लाल गालाकडे पाहिलं आणि चाकावर जाऊन बसली.

चिमटीने त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे चिरा पडलेल्या बोटांनी बारा दिवस राबलेल्या आईला सगळ्यांसमोर तुझं चुकलं म्हणायचं. शिवाय पदर उकलून पुन्हा करायचा म्हणजे तीन दिवस, आणि पुन्हा सांधे कोण बघणार? आईलाच जमलं नव्हतं. मग आपलेच हात लागणार. आपले हात लागले की रेषा गेल्या, जागा गेली. तिने मनाला सांगून बघितलं की तीन पदरांत एक सांधा बारीक राहिला तर काय होतं? काही होत नसेल कदाचित. हे सांगताना तिचं तिलाच खोटं वाटत होतं. ती काय शिकायला चालली होती? कुजणं आधी कुठे सुरू होतं हेच ना? ते पोकळ जागीच सुरू होतं.

तेराव्या दिवशी सकाळी नावाडी आला. त्याच्या कडेवर त्याची चार वर्षांची नात होती. ती दिवसभर नावेतच असायची.

"दोरवाले, वरच्या अंगाला पाऊस झालाय. पाणी गढूळ यायला लागलं. जुन्या दोराला हात लावला तर भुसा निघतो. कधी देताय?"

"आज पीळ घालायला घेतो," बाबा म्हणाले. "परवा घेऊन जा."

पोरगी चिमटीच्या चिंध्या बघत होती. "बाऊ झाला?"

"नाही गं."

"मग?"

पलीकडे बाबा तिन्ही पदर चाकाच्या तीन आकड्यांना अडकवत होते.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "तिसऱ्या पदराला बत्तीस वावांवर सांधा पोकळ आहे."

बाबांनी तिकडे जाऊन बोटं फिरवली. "काही नाही इथे."

"तुम्हाला कळणार नाही. आहे तो."

"तू हात लावलास?" आई ओरडली. तिचा आवाजच फुटला. "इतके दिवस सांगतेय तुला!"

"गाल लावला."

नावाडी हसणार होता, पण सगळ्यांची तोंडं बघून त्याने हसू गिळलं. त्याने नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नदीकडचं काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून गेला.

आई खाली बसली. "म्हणजे माझ्याच हातचा," ती म्हणाली. "तिथेही मीच घासलं आणि इथेही माझंच." ती आपल्या बोटांकडे दुसऱ्या कुणाची असावीत तशी बघत होती.

बाबा उन्हात उभे होते. पोरीच्या बोटावर आलेली रेष आणि नावाड्याची नात, दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. मग त्यांनी तिसरा पदर आकड्यावरून काढला.

"उकला," ते म्हणाले. "माणसं बसतात त्याच्या भरवशावर."

"आणि सांधे?" आत्याने विचारलं.

चिमटी चिंध्यांच्या गाठी दातांनी सोडायला लागली. आईने झडप घालून तिची मनगटं धरली. इतकी घट्ट धरली की चिमटीला हलता येईना.

"तू नाही. तू सांग, मी करते. तुला कसं कळतं ते सांग मला. कुणी सांगितलंच नाही कधी. नुसतं चिमटी चिमटी म्हणतात."

खरं होतं. कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. चिमटीलाही माहीत नव्हतं की हे सांगता येतं. पदर उकलून झाला, बाबांनी तेवढे धागे नव्याने वळायला घेतले, आणि मायलेकी शेजारी शेजारी चालायला लागल्या, एकीचे हात धाग्यावर आणि दुसरीचे पाठीमागे.

"दाबू नकोस. नुसतं टेकव. धागा तुझ्या बोटांतून जाऊ दे, तू त्याला शोधत जाऊ नकोस."

"असं?"

"अजून हलकं. डोळे मीट."

"पडेन की."

"मी आहे ना."

आईने डोळे मिटले. चिमटीने आपलं कोपर तिच्या कोपराला लावलं. तीनदा आई सांधा सोडून पुढे गेली, तीनदा चिमटीने गाल लावून तिला मागे आणलं. चौथ्या वेळी आई आपण होऊन थांबली.

"हा का?"

चिमटीने गाल लावला. "हा."

आईने डोळे उघडले नाहीत. "असा असतो होय," ती म्हणाली.

दोन दिवस असंच चाललं. चीर गेलेला आईचा अंगठा भरला, पुन्हा फाटला, पुन्हा भरला. तिसऱ्या दिवशी तिन्ही पदरांवर शेवटचा पीळ घालायचा होता. तीन पदरांमध्ये खाचांचा लाकडी गोळा धरून कुणीतरी चालायचं, आणि दोराचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला बांधून कुणीतरी मागे रेलून उभं राहायचं. ते टोक नेहमी बाबा धरायचे आणि गोळा चिमटी. पण गोळा जड, आईला झेपणारा नव्हता, आणि सांध्यांवर आई हवीच होती, म्हणून गोळा बाबांनी घ्यायचा ठरला.

"टोकाला मी राहते," चिमटी म्हणाली. "कमरेनेच तर धरायचंय. हात लागत नाहीत."

बाबांनी स्वतःचा चामड्याचा पट्टा काढून तिच्या कमरेला बांधला. दोन नवी भोकं पाडावी लागली. चिमटीने हात काखांत घातले.

"ऐक," बाबा म्हणाले. "पीळ चढायला लागला की दोर आखडतो. तुला घराकडे ओढेल. ओढलं म्हणून धावत यायचं नाही. तू सैल पडलीस की सगळा दोर सैल. मागे रेलून राहायचं, आणि तो ओढेल तेवढंच पाऊल पुढे टाकायचं. कळलं?"

"कळलं."

"पाठ दुखेल."

"दुखू दे."

आत्याने चाक फिरवलं. सकाळपासून दुपारपर्यंत चिमटी बोळाच्या टोकाला मागे रेलून उभी होती. समोर लांबवर चाक, चाकामागे आत्या, त्यामागे घर. पट्टा कमरेत रुतला, टाचांखालची माती खणली गेली, घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसायला हात नव्हते. दोर तिला ओढत होता. तिला खरंच धावत जावंसं वाटत होतं. ती रेलून राहिली. एकेक पाऊल देत दुपारी ती पुढे आली तेव्हा बाबांनी दोरावर थाप मारली. दोर तारेसारखा वाजला.

"पक्का," बाबा म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता पट्टा सोडायला लागले.

संध्याकाळी नावाडी चार माणसं घेऊन आला आणि दोर खांद्यांवरून नेला. सतराव्या दिवशी तो नदीवर ताणला गेला.

अठराव्या दिवशी मायलेकी शहरात पोचल्या. तोच रखवालदार, तेच छोटं यंत्र. आईने मागच्यासारखाच पदराला अंगठा पुसून टेकवला. यंत्र गप्प. लाल दिवा.

"पुन्हा ठेवा."

पुन्हा लाल. दुसरा अंगठा. लाल. रखवालदाराने तिचा हात धरून उजेडात पाहिला. "काय हो, मावशी, रेषा कुठे ठेवून आलात?"

मागच्या वेळी याच यंत्राने आईला टुणकन आत घेतलं होतं. अठरा दिवसांत कुणाच्या जागी कोण राबलं, ते त्या लाल दिव्यात चिमटीला पहिल्यांदा दिसलं.

"यांना सोडता येणार नाही," रखवालदार म्हणाला.

"नका सोडू," आई म्हणाली. "काम हिचं आहे. जा गं तू. मी बसते इथे पायरीवर."

काचेमागे त्याच बाई होत्या. त्यांनी ओळखलं. चिमटीने चार बोटं ठेवली. पडद्यावर रेषा उमटल्या, बारीक, विरळ, पण रेषा. हिरवा. डावा हात, हिरवा. उजवा अंगठा पहिल्यांदा लाल आला, बाईंनी ओल्या कापसाने तो टिपला, दुसऱ्यांदा हिरवा.

"जा आता," बाई हसून म्हणाल्या. "आणि तिकडे दगड नाही हं लावायचा."

पायरीवर बसलेली आई तिला बघून उठली. चिमटीने दहाही बोटं तिच्यापुढे धरली. आईने एकेक बोट पकडून पाहिलं आणि तिचं आपलं तेच, पदराने पुसलं.

बस नदीकाठी पोचली तेव्हा ऊन होतं. पाणी चढलेलं होतं, गढूळ. नावेत बाजाराहून परतणारी सात-आठ माणसं होती, आणि पुढच्या फळीवर नावाड्याची नात. नावाडी नवा दोर ओढायला लागला.

"काय म्हणाले?"

"उमटले," आई म्हणाली.

"वा! मग आता लाव की हात. बघ तरी तुमचा दोर."

चिमटीने डोक्याजवळून सरकणारा दोर चिमटीत धरला. इतक्या दिवसांनी. नव्या कातडीला तो एकदम झोंबला, तिने हात मागे घेतला, पुन्हा धरला. दोर बोटांतून जात होता, जाड, ओलसर, बोचरा. सगळीकडे सारखाच. ती थांबली, डोळे मिटले. काही कळत नव्हतं. पलीकडचा काठ जवळ येईपर्यंत तिने शोधलं आणि तिला काही म्हणता काही कळलं नाही.

शेजारून आईचा हात वर आला. चिरा भरलेली, गुळगुळीत झालेली दोन बोटं आणि अंगठा. तिने दोर दाबला नाही, नुसती बोटं टेकवली. डोळे मिटले. नाव तीनचार हात पुढे गेली.

"हा," आई म्हणाली. "बत्तीस वावांवरचा."

चिमटीने तिथे बोट ठेवलं. तिला तिथेही काही कळलं नाही. आपल्यावाचून आता घराचं अडणार नाही, हे मात्र कळलं, आणि बरं वाटायच्या आधी तिला इतकं वाईट वाटलं की ती खाली पाण्याकडे बघायला लागली.

"आहे ना?" आईने विचारलं.

"आहे," चिमटी म्हणाली. "चांगला भरलाय."

आईने डोळे उघडले, आपली बोटं पाहिली आणि लुगड्याला पुसली. नावाडी ओढत राहिला, दोर ताठ राहिला, आणि नाव पलीकडे लागली.